तुम्ही, आम्ही आणि आपण
(एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेचा अभ्यास)

'मंडळी' हा शब्द मराठीत किती सहजपणे वावरतो! कीर्तनकार समोरच्या श्रोत्यांना 'मंडळी' म्हणतो. घरी पाहुणे आले की 'मंडळी आली' असे आपण म्हणतो. जुन्या पिढीतील पुरुष तर बायकोचे नाव घेण्याऐवजी 'आमची मंडळी' म्हणून वेळ मारून नेत. आमच्या लालबागेत ह्याच शब्दाचा सख्खा भाऊ 'मंडळ' गल्लोगल्ली भेटतो. गणेश गल्लीचे मंडळ १९२८ पासूनचे, लालबागच्या राजाचे १९३४ पासूनचे. भजनी मंडळे, व्यायाम मंडळे, गावकरी मंडळे यांची तर गणतीच नाही. चाकरमानी माणूस गिरणीच्या भोंग्यावर जगत होता हे खरे, पण भोंगा थांबला की तो कोणत्या ना कोणत्या मंडळाचा होत असे.

मराठी ख्रिस्ती समाजात 'चर्च' ह्या अर्थाने हाच 'मंडळी' शब्द रूढ आहे, हे मला बरेच उशिरा कळले. चर्च म्हणजे घंटेचा मनोरा, रंगीत काचा आणि बाके, अशीच माझी समजूत होती. इमारतीला ख्रिस्ती लोक 'देऊळ' किंवा 'उपासनामंदिर' म्हणतात. आणि 'मंडळी' म्हणजे त्या इमारतीत जमणारी माणसे. इमारत पडली तरी मंडळी राहू शकते, आणि इमारत धडधाकट असूनही मंडळी संपू शकते. ह्या दोन वाक्यांत प्रस्तुत लेखाचा सारा विषय आला आहे.

हा धडा मला पुस्तकातून मिळाला नाही. तो शिकवला आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याने. त्यांना सगळी चाळ 'काका' म्हणत असे, म्हणून येथेही काकाच म्हणतो.

काका मूळचे नगर जिल्ह्यातले आणि गिरणीत रिंगखात्यात कामाला होते. शनिवारी रात्री आमच्या भिंतीपलीकडून त्यांचा वाचनाचा आवाज येई. एकच उतारा ते चार-पाच वेळा मोठ्याने वाचीत. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हे जुळेपर्यंत त्यांचे समाधान होत नसे. रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून आणि कापडी पिशवीत दोन पुस्तके घेऊन ते भायखळ्याच्या दिशेने पायी निघत. ते त्यांच्या मंडळीत 'वाचक' होते. पगारी धर्मगुरू नव्हेत, पाठशाळेत शिकलेले पंडितही नव्हेत. आठवड्याचे सहा दिवस सूत कातणारा एक कामगार सातव्या दिवशी चारदोनशे माणसांच्या उपासनेचा भार वाहात होता. त्यांच्या मंडळीची परंपरा अँग्लिकन होती. प्रथम ह्या परंपरेचा थोडा इतिहास पाहू.

इंग्लंडचे चर्च मुंबईत

अँग्लिकन पंथ मुंबईत आला तो ईस्ट इंडिया कंपनीबरोबर. किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च १७१८ सालच्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होऊन थॉमस कार हे पहिले बिशप झाले, आणि ह्या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. पण हा पंथ प्रामुख्याने साहेबांचा, पलटणीचा आणि दफ्तराचा होता. मराठी माणसांपर्यंत तो पोहोचला मिशनऱ्यांच्या हातून. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवले. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या जोडीने एस. पी. जी. ह्या अँग्लिकन संस्थेचेही काम होते. पुण्यात पंचहौद मिशन उभे राहिले. १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी चहा घेतला म्हणून जे प्रकरण गाजले, ते हेच पंचहौद मिशन. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले व पुढे फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून प्रसिद्धी पावले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ही दोन्ही मोठी माणसे ह्याच परंपरेच्या वाटेने आली.

मात्र केवळ शास्त्री-पंडितांच्या नावांवरून मराठी ख्रिस्ती समाजाची कल्पना केली तर ती फसवी ठरेल. नगर, नाशिक, जालना ह्या पट्ट्यातील बहुसंख्य प्रॉटेस्टंट कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतली होती. दुष्काळ आला की गाव सुटे आणि वाट मुंबईची, म्हणजे गिरणीची, धरली जाई. काकांचे वडील असेच आले.

पुढे दोन महत्त्वाचे टप्पे आले. १९२७ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे झाले व १९३० पासून स्वतःचा कारभार पाहू लागले. त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, आजच्या तेलंगणातील दोर्नकल येथे व्ही. एस. अझरय्या हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले होते. दुसरा टप्पा आपल्याच भूमीवर घडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन परंपरांचे संयुक्त चर्च, मेथॉडिस्टांची एक शाखा, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ह्या सहा प्रवाहांचे मिळून 'उत्तर भारतीय चर्च' निर्माण झाले. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा अर्भकाला द्यावा की जाणत्या माणसालाच द्यावा, अशा प्रश्नांवर शतकानुशतके वेगळे राहिलेले लोक एका छताखाली आले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. काका म्हणत, "आमच्या देवळावरची पाटी बदलली, पण गीतं तीच राहिली बाळा."

उपासनेची घडण

ह्या गीतांकडे आणि एकूण उपासनेकडे आता वळू. अँग्लिकन उपासनेचा कणा म्हणजे 'साधारण प्रार्थनेचे पुस्तक'. इंग्लंडात ते प्रथम १५४९ साली आले व १६६२ साली त्याला स्थिर रूप मिळाले. लॅटिन न कळणाऱ्या सामान्य माणसाला स्वतःच्या भाषेत उपासनेत भाग घेता यावा, हा त्यामागील हेतू होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे मराठी भाषांतर झाले. रोमन कॅथॉलिक पंथात मिस्सा लोकभाषेत येण्यास १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या पुस्तकाचे महत्त्व ध्यानात येते.

उपासना एका ठरलेल्या क्रमाने चालते. आरंभी पापांची कबुली व क्षमा, मग स्तोत्रे, जुन्या करारातील एक पाठ, नव्या करारातील एक पाठ, मतांगिकार, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि उपदेश. प्रभुभोजन असेल त्या दिवशी भाकर व द्राक्षारस यांचे समर्पण होऊन सर्वांना ते वाटले जाते. वर्षाचेही एक चक्र असते आणि वेदीवरचे वस्त्र त्या चक्राप्रमाणे रंग बदलते. आगमनकाळात व लेंटमध्ये जांभळे, नाताळ व पुनरुत्थानाच्या सणाला पांढरे, पेंटेकॉस्टला लाल आणि एरवीच्या दिवसांत हिरवे. एखादा माणूस बरेच महिने न येता अचानक आला, तरी वस्त्राकडे पाहून तो वर्षाच्या कोणत्या वळणावर आहे हे ओळखू शकतो.

सांगाडा असा विलायती असला तरी त्यात जे रक्त वाहते ते मराठी आहे, आणि ह्याचे सर्वात मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे जाते. टिळक (१८६१ ते १९१९) अँग्लिकन नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण त्यांचे अभंग आणि पदे सर्वच मराठी मंडळ्यांनी आपली मानली. 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहाच्या पानापानांवर ते भेटतात. विलायती चालीचे गीत बाजाच्या पेटीवर संपते आणि लगेच टाळ-ढोलकीवर अभंग सुरू होतो, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. लहानपणी भिंतीपलीकडून अभंग ऐकू येई तेव्हा माझे वडील म्हणत, "काकांच्यात पण आज वारकरी आलेत वाटतं."

टिळकांचे आणखी एक कार्य ह्या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. धर्माचे काम पगारी नोकरांचे नव्हे, भक्तांचे आहे, हा त्यामागचा विचार. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकून आहे. धर्माचे काम कोणाचे?

वाचकाचा अधिकार

सामान्य ख्रिस्ती माणसासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तो ग्रीक भाषेतील 'लाओस' ह्या शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ 'लोक'. उपासनाविधीसाठी जो शब्द आहे त्याच्याही मुळाशी 'लोकांचे कार्य' असाच अर्थ आहे. म्हणजे मूळ कल्पनेत उपासना ही धर्मगुरूने करायची आणि लोकांनी पाहायची गोष्ट नव्हती. काळाच्या ओघात ती तशी झाली. धर्मसुधारणेच्या चळवळीने सोळाव्या शतकात 'सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकत्व' हा सिद्धान्त पुन्हा पुढे आणला. आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये १८६६ साली 'वाचक' हे पद पुन्हा सुरू करण्यात आले. भारतासारख्या देशात, जेथे एकेका पाळकाकडे अनेक गावे असत, ह्या पदावाचून गत्यंतरच नव्हते.

वाचकाला काय करता येते? बिशपांच्या परवानगीने तो सकाळ-संध्याकाळची उपासना चालवू शकतो, शास्त्रपाठ वाचतो, उपदेश करतो, आजाऱ्यांना भेटतो; पाळक नसताना दफनविधीही चालवतो. काय करता येत नाही? भाकर व द्राक्षारस यांचे समर्पण करता येत नाही. पापक्षमेची घोषणा करता येत नाही. आशीर्वाद देता येत नाही.

ह्या 'येत नाही'चा मराठी व्याकरणाशी जो संबंध आहे, तो मला काकांनी समजावून दिला. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. त्यांनी मला विचारले, "पाळकसाहेब शेवटी काय म्हणतात, आणि मी काय म्हणतो, सांग पाहू." मला अर्थातच सांगता आले नाही. मग त्यांनी सांगितले. पाळक क्षमेची घोषणा करतात, आशीर्वाद देतात, तेव्हा 'तुम्हां'ला देतात. ते देणारे आणि लोक घेणारे. वाचकाला तसे म्हणता येत नाही. क्षमेच्या जागी तो प्रार्थना करतो आणि देवाला म्हणतो, 'आम्हां'ला क्षमा कर. येथे तो स्वतः लोकांच्या रांगेत उभा आहे. आणि शेवटी आशीर्वादाच्या जागी जी कृपेची याचना करायची, ती 'आपणां' सर्वांसाठी.

इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्यांत फरक आहे. 'आम्ही' म्हणताना ज्याच्याशी बोलतो तो बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. देवाशी बोलताना 'आम्ही पापी' म्हणायचे, कारण देवाला त्या पापात ओढून चालणार नाही. शेजाऱ्याकडे वळताना मात्र 'आपण' म्हणायचे, कारण त्याला बाहेर ठेवून चालणार नाही. काका सातवी शिकलेले. पण सर्वनामांचा हा धडा मला शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला कोणी इतका चांगला शिकवला नाही.

"मग तुम्हांला वाईट नाही वाटत? पाळकांना जमतं ते तुम्हांला करता येत नाही," असे मी विचारले होते. ते म्हणाले, "वाईट कशाला वाटायचं? 'तुम्हां' म्हणायला शिकावं लागतं, 'आपणां' म्हणायला राहावं लागतं."

वारकरी संप्रदायाशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. तेथेही गळ्यात वीणा घेऊन उभा राहणारा विणेकरी पुरोहित नसतो. टाळकऱ्यांपैकीच एक असतो. पण फरकही आहे. वारकऱ्याचे कीर्तन पुरोहितावाचून पूर्ण होते. अँग्लिकन मंडळीला प्रभुभोजनासाठी पाळकाची वाट पाहावीच लागते. वाचकाच्या सेवेत ही अपुरेपणाची जाणीव सतत असते. दोष म्हणा, शिस्त म्हणा. तो ज्याच्या त्याच्या दृष्टीचा भाग आहे.

धागा आणि पेला

प्रभुभोजनात अँग्लिकन रीतीप्रमाणे सारे जण एकाच पेल्यातून द्राक्षारस घेतात. गुडघे टेकून ओळीने बसलेल्या माणसांच्या ओठांना तोच पेला लागतो. प्रत्येकानंतर कडा वस्त्राने पुसली जाते, एवढेच. ही गोष्ट मुंबईच्या गिरणगावात किती मोठी होती, हे समजण्यासाठी गिरणीची एक माहिती हवी.

साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका कामगाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात काम करू दिले जात नसे. जास्त पगाराचे खाते त्यांना बंद. त्यांनी रिंगखात्यात राबावे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला.

काकांचे वडील त्या काळातले. धर्म बदलला तरी गिरणीच्या दाराशी जात बदलत नव्हती. आठवड्याचे सहा दिवस ज्याची उष्टी कांडी कोणाला चालत नव्हती, तो माणूस रविवारी एका पेल्याला ओठ लावी, आणि त्याच्यानंतर तोच पेला एखाद्या मास्तराच्या, कारकुनाच्या ओठी जाई. काका म्हणत, "माझ्या बापाला धर्मशास्त्र समजत नव्हतं, पेला समजत होता."

येथे सत्याचा अपलाप होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की चर्चमध्ये जात पुसली गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. लग्नाच्या सोयरिकी जमवताना ती डोके वर काढतेच, हे काकाच सांगत. शिवाय १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ मध्ये शीखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. म्हणजे जात भोगावी लागली, पण कागदावर ती उरली नाही. पेला एक झाला तरी ताटे वेगळीच राहिली, हे वास्तव आहे.

संपाचे वर्ष

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच एकामागून एक विझत गेल्या. आमच्या चाळीत माझे वडील आणि काका दोघेही घरी बसले.

मंडळीचे सामाजिक जीवन म्हणजे काय, हे त्या वर्षी मी पाहिले. ख्रिस्ती मंडळीत 'हंगामाचा सण' असतो. खेड्यात लोक नव्या पिकाचा वाटा देवळात आणतात. शहरात शेत नाही म्हणून भाजी, फळे, नारळ, अंडी, घरी केलेले पदार्थ आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या वर्षी काकांनी गावाहून आलेला एक लाल भोपळा नेला. मीही सोबत गेलो होतो. लिलावात एका बँकेतल्या गृहस्थांनी तो चांगल्या दामाने घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. असा तो भोपळा चार वेळा विकला गेला. ती रक्कम संपातल्या घरांच्या पोरांच्या शाळेच्या फीसाठी होती. चौथ्या माणसाने भोपळा काकांच्याच पिशवीत घातला. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर प्रत्येक बिऱ्हाडात भोपळ्याची भाजी होती. मंडळीच्या यादीत माझे नाव असायचे कारण नव्हते. पण माझ्या वहीपुस्तकांचे पैसे त्याच डब्यातून आले, हे आईने मला फार पुढे सांगितले.

एका वस्तीत धर्मस्थानाने आपल्या सभासदांपलीकडे किती जावे, हा प्रश्न मध्य मुंबईत जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' सुरू केले. सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी ते खुले होते. त्याच कामातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उभी राहिली. विद्यार्थिमित्रांपैकी जे समाजशास्त्र शिकतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, त्या मोठ्या विद्यापीठाचा उगम एका शेजारघरात आहे. भोपळ्याचा लिलाव आणि ते शेजारघर ह्यांत प्रमाणाचा फरक आहे, जातीचा नाही.

शिवडीची संध्याकाळ

१९९४ च्या पावसाळ्यात काका वारले. पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले होते आणि पावसामुळे वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफनविधी चालवला दुसऱ्या एका वाचकाने. तो काकांच्याच हाताखाली तयार झालेला तरुण होता. वाचताना त्याचा आवाज दोनदा अडखळला. पण जेथे थांबायला हवे तेथेच तो थांबत होता. शनिवार रात्रीची ती तालीम मला ओळखू आली.

आमच्या चाळीचे भजनी मंडळ टाळ घेऊन आले होते. दाराशी सगळे घुटमळले. आत यावे की नाही, टाळ वाजवावेत की नाही, कोणालाच कळेना. काकांच्या पत्नीने माझ्या वडिलांकडे पाहून म्हटले, "दादा, बाहेर का उभे? या ना." मग सारे आत आले. मंडळीने टिळकांचा अभंग म्हटला. शब्द आमच्या लोकांना येत नव्हते, पण ठेका येत होता. टाळ वाजले.

शेवटी त्या तरुणाने कृपेची याचना केली, ती 'आपणां' सर्वांसाठी. मी चिखलात उभा होतो आणि मला एकदम तो जुना धडा आठवला. पाळक असते तर 'तुम्हां' म्हटले असते, आणि ते 'तुम्हां' कोणासाठी, ते मंडळीपुरतेच का, असा विचार माझ्या मनात आलाही नसता. आता तो आला. ह्या 'आपण'मध्ये मी आहे का? माझे वडील, टाळकरी, आम्ही बाप्तिस्मा न घेतलेले शेजारी आहोत का? धर्मशास्त्राचे उत्तर काय असेल ते असो. व्याकरणाचे उत्तर असे की, जो समोर उभा राहून ऐकतो आहे, तो 'आपण'मध्ये येतो.

आज काय उरले?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा झाला आणि चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. चाळीतली माणसे विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे पांगली. मंडळीही पांगली. रविवारी सकाळी दीड-दोन तासांचा लोकल प्रवास करून लोक जुन्या देवळात येतात. ज्यांच्याने तो होत नाही ते उपनगरात एखाद्याच्या घरी जमून प्रार्थना करतात. २०२० च्या टाळेबंदीत सर्वच धर्मस्थाने बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. त्या महिन्यांत पेला नव्हता, वेदी नव्हती, पाळक फोनवर होते. चालू राहिले ते घराघरांतले वाचन. वाचकाचे महत्त्व नव्याने कळले ते तेव्हा.

काकांच्या नातीने त्या काळात दर रविवारी बदलापूरच्या दोन खोल्यांतून घरातल्यांना आणि शेजारच्या दोन कुटुंबांना पाठ वाचून दाखवले. आता ती देवळातही वाचते. मध्यंतरी मी एका रविवारी मुद्दाम गेलो होतो. बाके निम्मी रिकामी होती आणि वेदीवरचे वस्त्र हिरवे होते. ह्या मंडळीचे पुढे काय होणार, हे मला सांगता येणार नाही. लालबागमधल्या किती भजनी मंडळांचे काय होणार, हे तरी कोठे सांगता येते? भाषा, भजन आणि उपासना ह्या तिन्ही गोष्टी एकाच पद्धतीने टिकतात किंवा नाहीशा होतात: कोणीतरी शनिवारी रात्री मोठ्याने वाचून तयारी करतो की नाही, ह्यावर ते अवलंबून असते.

आपल्या महाविद्यालयात धर्माचा अभ्यास बहुधा ग्रंथांतून आणि सिद्धान्तांतून होतो. तो आवश्यकच आहे. परंतु माझ्या अल्प मतीप्रमाणे त्याची दुसरी बाजू भिंतीपलीकडे असते. शेजारी काय वाचतो, का वाचतो, त्याला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे विचारल्यावाचून त्याचा धर्म समजत नाही. आणि बऱ्याच वेळा आपलाही.

उपासना संपल्यावर दाराशी काकांच्या नातीने मला ओळखले. "पुढच्या रविवारी याल का?" असे तिने विचारले. मी म्हटले, "मी तुमच्या मंडळीतला नाही गं." ती हसली आणि म्हणाली, "आजोबा असते तर 'तुमच्या' म्हणू दिलं नसतं."